नकाशात आपला ओहोळ कुठं आहे?

खाडीकडचे भाऊ म्हणतात, किनाऱ्याचा कायदा आमचा. आपण म्हणतो, तो त्यांचा. पण पाणी एकच. डोंगरातनं ओहोळात, ओहोळातनं नदीत, तिथनं खाडीत. वर आपल्याकडं ओहोळात खाणीची माती पडली की खाली त्यांचं जाळं रिकामं.

किनाऱ्याचा नियम फेब्रुवारी 1991 पासून आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटर, आणि खाडी-नदीत भरतीचं पाणी चढतं तिथवरचा काठ. त्याच्या वर तो नियम संपतो. आपले पाडे वरच.

आपल्या डहाणू तालुक्यासाठी 20 जून 1991 ची वेगळी अधिसूचना आहे. (हा शब्द पाठ करा, कचेरीत हाच लागतो.) कारखान्यांना अख्ख्या तालुक्यात 500 एकरच्या वर जागा नाही. हिरवे पट्टे, बागा, आदिवासी भाग यांच्या जमिनीचा वापर बदलायचा नाही, आणि हे सगळं नकाशात स्पष्ट दाखवायचं.

म्हणून आम्ही नकाशा बघायला गेलो. सगळा इंग्रजीत. आपला ओहोळ नाही, पाडा नाही. एकसाली प्लॉटांच्या जागी नुसता हिरवा रंग. कारखाना अडवणारा हाच रंग उद्या आपल्याला दाखवतील, म्हणतील, हिरवा पट्टा आहे, नांगर काढा.

तेव्हा आपला नकाशा आपणच काढू. ओहोळ, डोह, खाचरं, मसणवट, प्लॉट, सगळं. येत्या रविवारी सकाळी वरच्या पाड्यापासून चालत निघू. दोरी आणा. म्हाताऱ्यांना घेऊन या, ओहोळांची नावं त्यांनाच ठाऊक आहेत.