अंबारीमागे कोण चालतं?



मी मूळची विदर्भातली, सध्या म्हैसूरला पीएचडी करते. आमच्या घरी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. म्हैसूरला दसरा म्हणजे हत्तीवरची सोन्याची अंबारी. एका रविवारी वसतिगृहातल्या दहा-बारा मुलांना घेऊन मी अंबाविलास राजवाड्यात गेले. सगळी सातवी-आठवीतली. माझं कन्नड मोडकंतोडकं, म्हणून मी कमी बोलले आणि मुलंच जास्त बोलली. ते बरंच झालं.

तिथल्या कल्याणमंटपाच्या भिंतींवर 1930 च्या दसरा मिरवणुकीची मोठमोठी तैलचित्रं आहेत. म्हैसूरच्या चित्रकारांनी ती 1934 ते 1945 या काळात फोटोंवरून रंगवली. राजे चौथे कृष्णराज वडियार 1940 मध्ये वारले, तरी काम चालूच राहिलं. मुलांच्या हातात मी आजच्या मिरवणुकीच्या फोटोंची कात्रणं दिली होती.

नियम एकच: आधी दिसतं तेवढंच सांगायचं. 'भव्य', 'सुंदर' हे शब्द बंद. पहिला फरक लगेच सापडला. चित्रात अंबारीत राजा, कात्रणात चामुंडेश्वरीची मूर्ती. मग मी विचारलं, 1930 चे फोटो काळे-पांढरे होते, तर चित्रात रंग कुठून आले? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, "चित्रकारानं ठरवले." मग पोरं सुटलीच. गर्दीतल्या माणसाचा फेटा कोणत्या रंगाचा, कुणाचा चेहरा नीट काढायचा, कुणाचा नुसता ठिपका, हेही त्यानंच ठरवलं ना?

"म्हणजे फोटोच खरा," एक मुलगा म्हणाला. तुम्ही हे मुलांबरोबर कराल तेव्हा इथे घाई करू नका. मी त्याला फोटोवाला कुठे उभा असेल ते शोधायला लावलं. त्यानं शोधलं: उंचावर, पुढून. मग त्यानंच विचारलं, "हत्तीची लीद कोण उचलतं?" उत्तर त्याला माहीत होतं. त्याची आई पौरकार्मिक आहे, मिरवणूक पुढे गेली की तिचं काम सुरू होतं. कात्रणांत ती नव्हती. भिंतीवरही आम्हाला तशी कुणी सापडली नाही.

परत आल्यावर मी बाबासाहेबांचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांचा कोट निळा. मग 14 ऑक्टोबर 1956 चा दीक्षेचा फोटो दाखवला. तो दिवसही विजयादशमीचाच. बाबासाहेब पांढऱ्या कपड्यांत आहेत. "मग आमचं चुकलं का, अक्का?" मी अडखळले, खरं सांगते. समाजशास्त्राची पदवी अशा वेळी फारशी कामाला येत नाही. म्हटलं, त्या दिवशी काय घातलं होतं ते फोटोत आहे. निळा रंग आपल्या लोकांनी दिला, आपल्या झेंड्याचा. दोन्ही ठेवा, पण कोणतं कुठून आलं ते माहीत असू द्या.

तुमच्या गावात राजवाडा नसेल. शाळेतली महापुरुषांची चित्रं आणि घरातला जयंतीच्या मिरवणुकीचा एखादा फोटो एवढ्यावरही सुरुवात होते.

त्या मुलानं नंतर मिरवणूक काढली. हत्ती छोटा, मागे झाडू घेतलेली आई मोठी. साडी मात्र कोरीच ठेवली होती. रंग कोणता द्यायचा ते आईला फोनवर विचारणार होता.