शेजाऱ्याच्या हाती जाईल असं लिहा



नीरेच्या खोऱ्यातलं भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. १९४८ साली संस्थान विलीन झालं, राजवाडा आजही उभा आहे. शेजारचा वेल्हे तालुका आता राजगड तालुका म्हणून ओळखला जातो. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले तिथलेच. तोरण्यावर मेंगाई आहे, रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शिवाची पूजा करत आली आहेत. देवाचं नाव घेणाऱ्या माणसांचं या डोंगरांना अप्रूप नाही, पण अगत्य नक्की आहे. त्याच अगत्याने आम्ही आपल्याला, मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लेखक-लेखिकांना, या संमेलनासाठी बोलावलं आहे.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या घरात वारी आहे, हरिपाठ आहे. तरीही स्वागताध्यक्षपद आपण माझ्याकडे दिलंत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. धर्मशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे तो मराठीचा एक वाचक म्हणून, आणि वाचकाचं एक मागणं आपल्यापुढे ठेवणार आहे.

श्रद्धेवरचं आपलं लेखन जेव्हा मराठीच्या मुशीतून निघालं, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राचं झालं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी येशूचं चरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत रचलं. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत, पण चाल आपल्या ओवीचीच होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना घरात बोलतात तीच भाषा वापरली. धर्मांतराने मोडलेला संसार, सोवळ्याओवळ्याचा मनातला पीळ आणि तो हळूहळू सुटत गेल्याची हकिकत त्यांनी काही न लपवता सांगितली. म्हणून कुठल्याही धर्माच्या मराठी घरात ते पुस्तक आपलं वाटतं. आपल्याच काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही याच वाटेने.

या परंपरेत मेथडिस्टांचा वाटा कोणता? तो शोधायला लांब जायला नको. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारलं आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना, टाकलेल्या बायकांना आसरा दिला. मिनी अब्राम्स या मेथडिस्ट मिशनरी १८८७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे रमाबाईंच्या मदतीला केडगावात राहिल्या. १९०५ साली मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. त्या अनुभवावर अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं. ते दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वालपाराइसो शहरी, तिथल्या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचलं. पाळकाची पत्नी अब्राम्सबाईंची जुनी मैत्रीण होती. १९०९ साली त्या पाळकाच्या चर्च-मंडळीत जे धार्मिक जागरण झालं, त्याला या पुस्तकाचीही प्रेरणा होती, आणि त्यातून चिलीत एक नवा पंथच उभा राहिला.

मुक्ती सदनाच्या त्याच आवारात दुसरंही काम चाललं होतं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बाईला कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती मुक्ती सदनातल्या बायकांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ बाहेर आला. एका आवारातून निघालेलं एक पुस्तक चिलीपर्यंत गेलं आणि दुसरं शेजारच्या बाईच्या हाती जावं म्हणून लिहिलं गेलं. मित्रहो, पहिल्याचा मला अभिमान वाटतो. दुसऱ्याची आज अधिक गरज आहे.

आपण आज श्रद्धा, मंडळी आणि संस्कृती यांवर लिहिता. जगभरचे मेथडिस्टही लिहितात. अमेरिकेत युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून २०१९ ते २०२३ या काळात सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींची पाळकपदी नेमणूक हे वादाचं मुख्य कारण. तो वाद आपण जरूर समजून घ्यावा. पण इथले प्रश्न कोण लिहिणार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्या घरातल्या मुलाने शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं? मंडळीत जात खरोखर सुटली का? बिशप बदली करतात आणि पाळकाचं बिऱ्हाड दर काही वर्षांनी नव्या गावी जातं; त्याच्या बायकोने, मुलांनी ते कसं सोसलं? गावोगाव पायी हिंडून बायकांना अक्षरओळख करून देणाऱ्या बायबलबायांची नावं तरी कुणी टिपून ठेवली का? नाताळच्या करंज्या शेजारी जातात आणि दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, त्या देवाणघेवाणीत दोन्ही घरं काय शिकली?

आमच्या भाटघर धरणात वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर्षाचे बहुतेक महिने पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते दिसतं आणि लोक दर्शनाला जातात. न लिहिलेल्या आठवणींना असा उन्हाळा येत नाही. आमच्या खोऱ्यांतली गावं धरणांसाठी उठली. बुडालेल्या शिवारांची, वाटांची नावं सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत. आपल्या मंडळ्यांचीही तीच गत होऊ देऊ नका. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, जुनी पत्रं, कीर्तनांच्या वह्या चर्चच्या कपाटात वाळवीच्या तोंडी आहेत, तोवरच हात घाला.

जॉन वेस्ली घोड्यावरून हिंडत प्रवचनं करत आणि गरिबाला परवडतील अशी छोटी स्वस्त पुस्तकं छापत. ते मेथडिस्टांचे पूर्वसूरी आहेत. त्यांच्या वारसांकडे माझं मागणं साधं आहे. इथून परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या मंडळीतल्या एका वृद्ध व्यक्तीची हकिकत तिच्याच बोलीत लिहून काढावी. मंडळीतलं उणंही लिहावं, कारण खरेपणाशिवाय वाचकाचा विश्वास बसत नाही. आणि ते लेखन चर्चच्या दारात न थांबता माझ्यासारख्या शेजाऱ्याच्या हाती येईल अशा मराठीत असावं. आम्ही वाचू, प्रश्न विचारू, कधी वादही घालू; पण परकं मानणार नाही.

चर्चा मोकळेपणाने होऊ द्या, लेखणी चालती ठेवा.