मद्य आणि पाण्याचा पेला

लग्नसमारंभाची अथवा मित्रमंडळींच्या मेजवानीची रात्र सरते, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतील एखादा गृहस्थ डोकें धरून बसतो. तोंडाला कोरड, पोटांत मळमळ, उजेड नकोसा, बोलणेंहि नकोसें. या अवस्थेला हँगओव्हर म्हणण्याची रीत आतां मराठी घरांतहि रुळली आहे. पण तिची ओळख नवी नाहीं. मद्यपानानें होणारे विकार सांगतांना सुश्रुतसंहितेनें ‘परमद’ नांवाची अवस्था वर्णिली असून तहान, मस्तकशूळ, अरुचि व अंगाचें जडत्व हीं तिचीं लक्षणें दिलीं आहेत.

त्यांतील तहानेचें कारण असें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचा स्राव रक्तांत येतो व तो मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवावयास लावतो. मद्यार्क या स्रावास आळा घालतो. मग शरीराला हवें असलेलें पाणीहि मूत्रावाटें निघून जातें. रक्तांतील मद्यार्काचें प्रमाण चढत असतांनाच हा परिणाम विशेष होतो, असें ग्रेस एगल्टन या संशोधिकेनें १९४२ सालीं दाखवून दिलें. त्यांत वांती झाली, तर पाण्याबरोबर क्षारहि जातात.

यावरून पाणी केव्हां प्यावें हें ठरतें. सकाळची वाट न पाहतां प्रत्येक पेल्यामागें एक पेला पाणी घ्यावें. त्यानें तहान भागते, पिण्याची गति मंदावते व एकंदर मद्यहि कमी जातें. खरा लाभ या शेवटच्या गोष्टींत आहे. उपाशीपोटीं मद्य घेऊं नये. सकाळीं मळमळ असेल तर तांब्या एकदम रिकामा न करतां घोटघोट पाणी प्यावें. मीठ घातलेलें पातळ ताक किंवा कोंकणांतील भाताची पेज पोटाला सोसते. वांत्या झाल्या असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें द्यावें.

परंतु पाण्याला त्याच्या शक्तीबाहेरचें श्रेय देऊं नये. पाणी कोरड घालवितें, डोकेंहि कांहींसें हलकें करितें. पण जठराचा दाह, मोडलेली झोंप व मद्यार्कापासून होणारें अॅसिटाल्डिहाइड यांवर त्याचा इलाज चालत नाहीं. तें यकृताचें कामहि लवकर उरकवीत नाहीं. ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि यकृत ताशीं साधारण ७ ते १० ग्रॅमच जाळूं शकतें. रात्रीं नऊ ते बारा या वेळांत ६० मिलिलिटरचे चार पेग घेणाऱ्याच्या पोटांत ८० ग्रॅम मद्यार्क जातो, व त्याचा निचरा होण्यास आठ ते अकरा तास लागतात. पाणी पिऊन ताजातवाना वाटणारा गृहस्थ सकाळीं सात वाजतां मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं मोटार काढतो, तेव्हां त्याच्या रक्तांत मद्यार्क अजून असूं शकतो. भारतीय कायद्यानें वाहन चालविणाऱ्यास १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे.

डोकेंदुखीच्या गोळ्यांविषयींहि सावधगिरी हवी. मद्यपानानंतर पॅरासिटामॉल यकृतास, तर अॅस्पिरिन जठरास अपाय करूं शकतें. सकाळीं पुन्हां मद्य घेतल्यानें दुखणें बरें होत नाहीं, केवळ पुढें ढकललें जातें.

घरच्या माणसांनीं एक गोष्ट मात्र कायमची लक्षांत ठेवावी. हांका मारूनहि जो जागा होत नाहीं, ज्याचा श्वास मंद किंवा अडखळता आहे, ज्याचें अंग गार पडलें आहे, त्याला ‘झोंपेंत उतरेल’ म्हणून एकटें ठेवूं नये. त्याच्या तोंडांत पाणी, लिंबूरस, कॉफी कांहींहि ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन जीव जाऊं शकतो. त्याला कुशीवर वळवावें, जवळ बसावें आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर असलेल्याला पाणी हें पथ्य आहे. शुद्ध हरपलेल्याला तेंच पाणी घातक होतें. आणि या सर्व उपचारांची गरजच पडूं नये असें ज्यास वाटतें, त्याच्यासाठीं उपाय एकच आहे: पुढचा पेला न भरणें.