कालव्याच्या शेवटच्या टोकाला



कालव्यावर शेती करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. धरणाजवळचे शेत आधी भिजते आणि कालव्याच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला बहुधा कोरडी चारी येते. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात ओझर परिसरातील शेतकरी असेच टोकाला होते. कागदोपत्री त्यांची जमीन ओलिताखाली होती. प्रत्यक्षात पाणी पोहोचत नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी या शेतकऱ्यांनी जो मार्ग काढला, तो बदलत्या अर्थव्यवस्थेला सामोरे जाणाऱ्या प्रत्येक समाजाने अभ्यासावा असा आहे.

समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या गावांत सहकारी पाणीवापर संस्थांचा विचार रुजवला. बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या तीन संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, सभासदांना ते ठरल्या पाळीने द्यायचे, पाणीपट्टी आपणच गोळा करायची आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे, अशी ही साधी रचना होती. कालव्याचे पाणी विहिरींत मुरू लागले, विहिरींवर ठिबक संच आले आणि कोरडवाहू शेतांत द्राक्षाचे मांडव दिसू लागले. पुढे वाघाड प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेने संपूर्ण प्रकल्पाच्या पाण्याचे व्यवस्थापन हाती घेतले. राज्याने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा केला, तेव्हा ओझरचा अनुभव सर्वांसमोर होता.

याच ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला. त्यानंतर सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी नाशिकचे रूप पालटले. मंत्रभूमी ही यंत्रभूमी झाली, असे नाशिककर अभिमानाने सांगतात. कारखान्याने अनेक घरांना पगार दिला, मुलांना शिक्षण दिले. परंतु ज्यांचे पोट जमिनीवरच अवलंबून राहिले, त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. त्यांच्या मालाचा भाव आता पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जसा ठरत होता, तसाच दूर युरोपातही ठरू लागला होता.

द्राक्ष उत्पादकांनी हे आव्हानही एकत्र येऊनच पेलण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली. मालाचे पूर्वशीतकरण, प्रतवारी, पेटीबंद मांडणी हे सारे नव्याने शिकावे लागले. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आले आणि परदेशातील दुकानात ठेवलेली पेटी कोणत्या बागेतून आली, याचा माग काढणे शक्य झाले. तरीही २०१० च्या हंगामात मोठा आघात झाला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराईड या द्रव्याचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि पाठवलेला माल अडकून पडला. शेतकरी वर्षभर राबला होता, निर्यातदाराने पैसे गुंतवले होते. एका रसायनाने दोघांनाही कर्जात लोटले.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे दोष देत बसणे, दुसरी म्हणजे घडी नव्याने बसवणे. २००४ पासून मोजक्या शेतकऱ्यांसह निर्यात करणारे विलास शिंदे यांना या संकटाची जबर झळ बसली होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली आणि सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी आकाराला आली. २००२ मध्ये कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा कंपन्यांचा मार्ग मोकळा केला होता. किमान १० उत्पादक एकत्र आले की कंपनी स्थापन करता येते. भागभांडवल कितीही असो, प्रत्येक सभासद शेतकऱ्याला मत एकच. सहकाराचा आत्मा आणि कंपनीची शिस्त यांचा हा मेळ आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे शीतगृहे, प्रतवारीगृहे आणि प्रक्रिया उद्योग उभे राहिले. पुढे ‘सह्याद्री’ देशातील अग्रगण्य द्राक्ष निर्यातदार ठरली. २०२२ मध्ये तिच्या प्रक्रिया व विपणन करणाऱ्या कंपनीत युरोपीय संस्थांनी ३१० कोटी रुपयांची गुंतवणूक केली. ज्या युरोपात माल अडकला होता, तेथूनच भांडवल आले.

ओझरच्या पाणीवापर संस्था आणि मोहाडीची कंपनी यांत वीस वर्षांचे अंतर आहे, पण पाया एकच आहे. दोन्हीकडे आधी मोजमाप आले, मग हिशेब आणि हिशेबातून विश्वास आला. अनुदान एका हंगामाची अडचण भागवते. चोख हिशेब ठेवणारी संस्था पुढच्या अनेक हंगामांना पुरते. बाजार बदलणारच, नियम बदलणारच, अवकाळी पाऊस आणि गारपीटही येणार. या साऱ्यात एकट्या शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नसते. संस्थेच्या हाती प्रयोगशाळा असते, तज्ज्ञ असतो आणि व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलण्याचे बळ असते.

मात्र येथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या नव्या अर्थव्यवस्थेच्या कालव्यावर आज शेवटच्या टोकाला कोण आहे?

एप्रिलमधील खरड छाटणी, ऑक्टोबरमधील गोडी छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणे, मण्यांची विरळणी, घडांचे डिपिंग आणि शेवटी काढणी ही सारी हातांची कामे आहेत. हे हात बहुतांशी पेठ, सुरगाणा भागातील वनवासी बांधवांचे असतात. त्यांच्या गावी नागली, वरई आणि भात पिकतो. पावसाळ्यात तेथे डोंगरउतारांवरून पाणी धो-धो वाहते आणि नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेकडे निघून जाते. उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. मग टोळ्या बांधून, एकराच्या उक्त्या दराने काम घेत ही माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. सोबत मुले येतात आणि त्यांची शाळा मागे राहते. युरोपात गेलेल्या पेटीवरून बागेचा माग लागतो. ती पेटी ज्याच्या हातांनी भरली, त्याच्या घराचा माग लागत नाही.

ओझरच्या शेतकऱ्याला जे १९९० मध्ये हवे होते, तेच या बांधवांना आज हवे आहे: टोकापर्यंत पाणी आणि निर्णयात वाटा. पाड्यावर लहान बंधारे झाले, पाणी अडले, तर रब्बीचे एक पीक निघते. सुरगाण्याच्या बोरगाव परिसरात स्ट्रॉबेरीची लागवड रुजली आहे आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर तिची विक्री होते. डोंगरातील शेतकरीही नवे पीक आत्मसात करू शकतो, याची ही साक्ष आहे. त्याच्यामागे संघटित विक्रीची व्यवस्था उभी राहिली, तर स्थलांतर ही सक्ती न राहता निवड होईल. आणि जे बागांतच काम करतील, त्यांना कुशल कामगार म्हणून मान, विमा व मुलांच्या शिक्षणाची सोय मिळणे हा त्यांचा हक्क आहे. ज्या बागायतदाराने स्वतः टोकाचे दुःख भोगले, त्याने ते ओळखावे, ही अपेक्षा वावगी नाही.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांनाही येथे काम आहे. आज उत्पादक कंपन्यांची नोंदणी सोपी झाली आहे; केंद्र सरकारने २०२० मध्ये १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. अवघड असते ते नोंदणीनंतरचे काम. वार्षिक विवरणपत्रे, लेखापरीक्षण, सभेचे इतिवृत्त, गोदामाची नोंद यांतच अनेक लहान संस्था अडखळतात. सनदी लेखापाल, निवृत्त बँक अधिकारी, कारखान्यातील अभियंता, संगणक जाणणारे महाविद्यालयीन युवक यांच्यापाशी हेच ज्ञान आहे. महिन्यातील एक रविवार एखाद्या पाड्यावरील संस्थेच्या हिशेबवहीसाठी दिला, तर ते दान ठरणार नाही. ती सोबत ठरेल.

कालवा किती लांब आहे यावरून त्याची परीक्षा होत नाही. शेवटच्या चारीत पाणी आले का, यावरून होते. समाजाचीही परीक्षा तेथेच होते.