पुन्हा परीक्षेस बसणारे



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या पंक्तीत युनियनच्या माणसाला पाट मांडल्याबद्दल आम्ही चालकांचे आभारी आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "वारंवार नापास होणाऱ्या माणसांविषयी बोलू." ते क्षणभर घुटमळले. यशस्वी माणसांवर बोलावयाचे सोडून हे काय, असे त्यांना वाटले असावे. परंतु यशस्वी माणसाला व्याख्यानाची गरज नसते. त्याच्या घरी आधीच पेढे आलेले असतात.

आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुंबईत १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचे काम गेले आणि आमची शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते रात्रशाळेत, वाचनालयात आणि अशाच व्याख्यानांच्या मांडवात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कॉलेजाचे तोंड न पाहिलेल्या किती माणसांचे कॉलेज त्या परंपरेने चालविले याची मोजदाद कोणी केलेली नाही. तेव्हा आम्ही शास्त्रोक्त बोलणार नाही. गेली पंचवीसएक वर्षे कारखान्यांतून जे पाहिले तेच सांगू.

दर वर्षी पावसाळा सरता सरता आपण वर्तमानपत्रात वाचता की, अमुक साखर कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन थाटात झाले. सपत्नीक पूजा होते, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. मग काही दिवसांनी गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. त्या छायाचित्रात एक माणूस बहुधा नसतो. पाहुणे घरी गेल्यावर पुढचे चार-पाच महिने तो विस्तव जो सांभाळतो, तो. त्याला बॉयलर अटेंडंट म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसे अजून फायरमनच म्हणतात.

हे काम कोणालाही करता येत नाही. त्याला सरकारी परीक्षा द्यावी लागते. पहिली पायरी सेकंड क्लासची, मग फर्स्ट क्लासची, आणि पदविका-पदवीवाल्या इंजिनीअरांसाठी त्याहून वरची बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची, जिला सगळे 'बी.ओ.ई.' म्हणतात. ही शेवटची परीक्षा भल्याभल्यांना पाणी पाजते. इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झालेली, कारखान्यात हाताखाली वीस माणसे असलेली माणसे इथे तीन-तीन, चार-चार वेळा मागे फिरताना आम्ही पाहिली आहेत. आणि सेकंड क्लासला पाच वेळा नापास झालेला आमचा एक सभासद तर असा की, पाण्याचा पंप बिघडला तर तो नुसत्या आवाजावरून सांगतो.

मग प्रश्न येतो की, काम येते त्याला परीक्षा कशाला? आमच्याच सभांतून हा प्रश्न विचारला जातो, आणि टाळ्याही पडतात. तरीही युनियनने या परीक्षा बंद करण्याची मागणी कधी केली नाही, आणि आम्ही असू तोवर करू देणार नाही. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मोकळ्या हवेत सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. ती कोंडून ठेवणारे भांडे फुटले तर ते परवाना असलेला आणि नसलेला असा भेद करीत नाही. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे मेली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला. पुढे निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे मोडून १९२३ साली सबंध देशाचा एक कायदा आला, आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. हे कागद माणसांच्या मरणातून जन्मलेले आहेत. म्हणून नापास होण्यात अपमान नाही, असे आम्ही सभासदांना सांगतो. परीक्षकाने तुम्हाला नालायक म्हटलेले नाही. आज तुमच्या हाती दोनशे माणसांचा जीव देण्याची त्याची खात्री पटली नाही, इतकेच.

हे बोलायला सोपे आहे. घरी जाऊन बायकोला सांगणे अवघड आहे. परीक्षेला जायचे म्हणजे दोन दिवसांची रजा, एस.टी.चे भाडे, फी आणि पाळी बुडाल्याचा तोटा. पहिल्या खेपेला सारी आळी "काय झाले?" म्हणून विचारते, तिसऱ्या खेपेला कोणी विचारीत नाही, आणि ते न विचारणेच जास्त लागते. शिवाय कारखान्यात एक गोष्ट घडते तीही सांगितली पाहिजे. सर्टिफिकेट नसलेला मनुष्य विस्तवापुढे उभा असतो आणि वहीत सही दुसऱ्याची असते. पगार मात्र त्याला हेल्परचा. तो नापास राहण्यात कोणाचा तरी फायदा आहे! असा माणूस उमेद सोडतो तेव्हा त्याचे एकट्याचे नुकसान होत नाही.

उमेद टिकवावी कशी, हे सांगणारी पुस्तके बाजारात रग्गड आहेत. त्यांतून हटकून रामानुजन यांचे उदाहरण येते की, एवढा मोठा गणिती, पण एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाला होता. गोष्ट खरी आहे. परंतु आमच्या फायरमनला तिचा काय उपयोग? तो काही रामानुजन नाही, आणि हे त्याला पक्के माहीत आहे. अलौकिक बुद्धीच्या माणसाच्या अपयशाने सामान्याचे समाधान होत नाही. उलट तो म्हणतो, त्यांची गोष्ट निराळी.

त्यापेक्षा आम्हांस दुसरा एक मनुष्य जवळचा वाटतो, तो म्हणजे जॉर्ज स्टीफन्सन. जन्म १७८१ चा, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या वायलम गावचा. बाप कोळशाच्या खाणीवरील पंपाच्या इंजिनावर फायरमन. हा पोरगा अठरा वर्षांचा होईतो निरक्षर होता. मग स्वतःच्या मजुरीतून पैसे देऊन रात्रीच्या शाळेत अक्षर शिकला. पुढे आगगाडीचा मोठा इंजिनीअर झाला, हे आपण शाळेत वाचलेच आहे. शाळेच्या पुस्तकात नसते ते असे. लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी बांधण्याचे विधेयक १८२५ साली पार्लमेंटच्या समितीपुढे आले. स्टीफन्सन साक्षीला उभा राहिला. समोर ऑल्डरसन नावाचा कसलेला वकील. स्टीफन्सनची भाषा उत्तरेकडची, गावंढळ. त्या भाषेला हसले लोक, पण खरा घात भाषेने केला नाही. त्याच्या मोजणीतल्या उंचीच्या पातळ्याच चुकलेल्या निघाल्या. जमीनदारांनी मोजणीदारांना शेतांतून हाकलून लावले होते, बरेचसे काम चोरून उरकावे लागले होते, आणि ते स्टीफन्सनने स्वतः पुन्हा तपासले नव्हते. इरवेल नदीवरच्या पुलाची उंची विचारली तर त्याला धड सांगता येईना. विधेयक बारगळले. कंपनीने पुढच्या मोजणीचे काम त्याच्याकडून काढून रेनी बंधूंना दिले. म्हणजे पहा, हा नुसता नापास झाला नाही, हातचे कामही गेले.

१८२६ साली दुसरे विधेयक मंजूर झाले आणि बांधकामासाठी कंपनीने पुन्हा स्टीफन्सनलाच बोलावले. चॅट मॉस नावाच्या दलदलीवरून रूळ जाणे अशक्य, असे समितीपुढे ठासून सांगितले गेले होते. त्याने तिथे झुडपे आणि फांद्या यांचे थरावर थर टाकून त्यावर रस्ता तरंगता ठेवला. १५ सप्टेंबर १८३० रोजी गाडी सुरू झाली.

यात आम्हांस धैर्याचे कौतुक आहेच, पण त्याहून एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याचे इंजिन नापास झाले नव्हते. दलदलीविषयीची त्याची समजही नापास झाली नव्हती. नापास झाली होती ती मोजणीची वही. पण ज्याच्यावर बेतते त्याला हे दिसत नाही. त्याला वाटते, आपण सबंधच पडलो.

आमच्या सभासदांत हेच होते. निकालाच्या कागदावर कारण लिहिलेले नसते, म्हणून माणूस सगळे कारण स्वतःवर ओढून घेतो. मघाशी ज्याचा उल्लेख केला त्या पाच वेळा नापास झालेल्या सभासदाला आम्ही एकदा वहीसकट बसविले आणि म्हटले, गणित करून दाखवा. बॉयलरच्या नळ्यांचे तापपृष्ठ काढावयाचे होते. नळीचा व्यास ७५ मिलिमीटर, लांबी ५ मीटर. त्याने ३.१४ ला ७५ ने गुणले, मग ५ ने गुणले आणि लिहिले, ११७७ चौरस मीटर. रीत बिनचूक होती. फक्त मिलिमीटरचे मीटर केले नव्हते. आम्ही विचारले, "अहो, तुम्ही शेतकऱ्याचे पोर. ११७७ चौरस मीटर म्हणजे किती गुंठे?" त्याने मनात हिशेब केला. "बारा गुंठ्याला थोडे कमी." आणि मग स्वतःच हसत सुटला. एका नळीला बारा गुंठे जमीन! खरे उत्तर सव्वा चौरस मीटरच्याही आत, १.१८ च्या आसपास. पाच वर्षे तो गृहस्थ समजत होता की, आपल्याला डोके नाही. अडत होते ते दशांशचिन्हाशी.

तोंडी परीक्षेत आणखी एक तऱ्हा. परीक्षक हमखास विचारतात की, गेज ग्लासात पाणी दिसेनासे झाले तर काय कराल? आमचा माणूस हे काम हाताने शंभर वेळा केलेला असतो. आधी काचेचे नळ उघडझाप करून पहावयाचे की पाणी खरोखर गेले आहे, की काचेची वाटच तुंबली आहे, की पाणी उलट काचेच्या वर चढले आहे. खरोखर गेले असेल तर इंधन बंद, पंखे बंद, आणि काही झाले तरी गार पाणी आत सोडावयाचे नाही, कारण तापून लाल झालेल्या पत्र्यावर ते पडले की क्षणात वाफ उसळते. हे सगळे त्याच्या हातांना ठाऊक असते. पण विचारले की तो म्हणतो, "साहेब, बघून घेतो." बघून घेतो या उत्तराला गुण कसे द्यावे? म्हणून आम्ही अभ्यासवर्गात एक खेळ लावला. बोलणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभे राहावयाचे आणि नुसत्या तोंडाने बॉयलर चालवून दाखवावयाचा. पहिल्या दिवशी हशा पिकला. महिनाभरात माणसे घडाघडा बोलू लागली.

तेव्हा आमचे मत असे बनले आहे की, उमेद ही छातीत साठवून ठेवण्याची वस्तू नाही. एकट्याने ती टिकतही नाही. ती टिकते ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी चार माणसे एकत्र बसतात म्हणून. महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर मुंबईत कामगारांचे रात्रीचे वर्ग चालविले, ते काही भाषणे देऊन उमेद वाटण्यासाठी नव्हे. दिवा, फळा आणि सोबत, एवढे त्यांनी पुरविले. शिकणाऱ्यांनी बाकीचे आपले आपण केले.

आता एक अप्रिय गोष्ट. प्रत्येकाने प्राण पणास लावून परीक्षा देतच राहावे, असे आम्ही म्हणत नाही. दार उघडे आहे की नाही हेही पाहावे लागते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स ही १९२० साली निघालेली संस्था. तिची ए.एम.आय.ई. ही परीक्षा नोकरी सांभाळून देता येई, एकेक विषय सोडवीत जाता येई. कारखान्यातल्या कितीतरी ड्राफ्ट्समनांनी दहा-दहा वर्षे घालून ती पुरी केली आणि इंजिनीअर म्हणून मान मिळविला. परंतु पदवीशी तिची बरोबरी सरकारने धरली ती ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांसाठी. त्यानंतर नोंदणी केलेल्या मुलांनी जुन्या माणसांच्या गोष्टी ऐकून तीच वाट धरली, त्यांना आम्ही काय सांगावे? चिकाटी दाखवा? त्यांना आधी नियम वाचून दाखविला पाहिजे, आणि पदविकेवरून पदवीला जाण्याचा दुसरा रस्ता दाखविला पाहिजे.

आणि ज्याला खरोखरच झेपत नाही त्याचे काय? पन्नाशी उलटली, डोळे अधू झाले, घरात आजारपण आहे. त्याने परीक्षा सोडली तर ती पळपुटेपणाची गोष्ट नव्हे. पण मग तो करतो त्या कामाचे दाम त्याला मिळालेच पाहिजे, आणि विस्तवापुढे परवान्याच्या माणसाऐवजी त्याला उभे करणे थांबले पाहिजे. आमच्या मागणीपत्रकात या दोन्ही बाबी शेजारी शेजारी असतात: परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा आणि फी, आणि अनुभवी पण बिनपरवाना कामगाराला स्वतंत्र वेतनश्रेणी. काही कारखान्यांनी रजेचे मान्य केले आहे. वेतनश्रेणीची वाटाघाट चालू आहे.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले सी.ए.ला बसतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. त्यांच्या घरातही तिसऱ्या खेपेनंतरची ती शांतता असेल. तिथे आमचा अनुभव कितपत लागू पडेल ते आपले आपण पाहावे. आमची एकच विनंती आहे. आमचा वर्ग दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ वाजता युनियनच्या कचेरीत भरतो. रात्रपाळीवाल्यांसाठी रविवारी सकाळी. तोंडीची तयारी आम्ही करून घेतो, पण गणित शिकवावयास आमच्याकडे माणूस कमी पडतो. या गावात गणिताचे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, काही इथे समोरच दिसत आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास दिला तर बरे होईल. खडू आणि चहा आमच्याकडून. मघाचे ते सभासद येत्या बैठकीला सहाव्यांदा बसणार आहेत. अर्ज गेला आहे, आणि त्यांना अजून दशांशचिन्हावर थोडी मेहनत हवी आहे.