खोडाभोवती पाल्याची गादी

आपल्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ही धरणं. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. लांबून आणलेला हंडा आंब्याच्या कलमाला कोण ओतणार? पावसात लावलेली कलमं वाळतात ती अशी.

म्हणून आच्छादन करा. दिवाळीनंतर जमिनीत ओल आहे तोवर आळ्यात चार बोटं जाड पाला पसरा. पाला राबाला लागतो, पेंढा गुरांना, हे खरंच. पण अंगण झाडून आपण जो ढीग पेटवतो, तो इथे द्या. भाताचा तूसही चालतो. भिवंडी-कल्याणकडच्या वखारीतून लाकडाचे छिलके मिळाले तर उत्तमच, फक्त प्लायवूडचे नकोत, त्यात डिंक असतो. छिलके मातीत कालवू नका. कुजताना ते झाडाच्या वाटचं नत्र ओढतात. वरच राहू द्या. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं, वाळवी चढते.

पाणी संध्याकाळी द्या. आधी आच्छादन सारून मातीत बोट घाला. ओल लागली, तर त्या दिवशी हंडा घरातच ठेवा.