घराचे साहित्य आणि घराचे मोल



घर बांधताना आजचा खर्च सर्वांना दिसतो. पुढील पन्नास वर्षांचा खर्च मात्र साहित्यात दडलेला असतो. इंदूरचा राजवाडा याची साक्ष देतो. या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. दगड भार पेलतो. लाकूड वजनाने हलके, म्हणून उंची साधते. परंतु त्याला अग्नीचे व वाळवीचे भय असते. १८०१, १८३४ व १९८४ असे तीनदा राजवाड्यास आगीने ग्रासले. १९८४ मध्ये मागील भाग भस्म झाला, दर्शनी भाग बचावला. जळालेला भाग पुढे पुन्हा उभारावा लागला.

चुना सावकाश घट्ट होतो व भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. अशा जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तेथे पाया मुरुमापर्यंत नेला नाही, तर उत्तम दगडही व्यर्थ ठरतो.

म्हणून गृहस्थाने द्रव्य प्रथम पायात व छपरात घालावे. शोभेचे मागाहून पाहावे. ज्याची डागडुजी पुढील पिढीस सहज करता येते, त्याच घराचे मोल टिकते.